हवेतल्या परागकणांचे ऋतुमान बदलते आहे का? निरीक्षणे आणि चर्चा

रानहळद (पुणे), धागालेखक

गेल्या काही वर्षांत ओळखीच्या लोकांकडून एक वाक्य वारंवार कानावर येते: "पूर्वी मला असे काही होत नव्हते." सकाळी उठल्याबरोबर शिंकांची रांग लागते, डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते आणि दुपारपर्यंत सारे शांत होते. हा त्रास परागकणांचा आहे असे मानले, तरी पुढचा प्रश्न उरतोच. परागांचा हंगाम बदलला आहे, की आपल्या भोवतालच्या वनस्पती बदलल्या आहेत, की बदल आपल्या शरीरातच झाला आहे? या तीन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. त्या वेगळ्या करून पाहाव्यात, यासाठी हा धागा काढतो आहे. मी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहतो आणि वनस्पतिशास्त्र शिकवत आलो आहे, त्यामुळे माझी बहुतेक उदाहरणे पुण्याची असतील.

या विषयावर वर्तमानपत्रांतून जे छापून येते, ते बहुतांशी उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या अभ्यासांवर बेतलेले असते. उत्तर अमेरिकेतल्या ६० केंद्रांवरील १९९० ते २०१८ या काळातील नोंदी एकत्र करून २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार तिथला परागांचा हंगाम सुमारे २० दिवस लवकर सुरू होऊ लागला आहे, तो सुमारे ८ दिवसांनी लांबला आहे आणि परागांचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढले आहे. तिथे झाडांना थंडीने रोखून धरलेले असते आणि ऊब आली की ती फुलतात, म्हणून तापमान वाढले की हंगाम लवकर सुरू होतो. दख्खनच्या पठारावर हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. इथे गवताला रोखून धरते ती थंडी नव्हे, तर पाण्याची टंचाई. आपल्याकडचा परागांचा सर्वांत मोठा हंगाम पावसाच्या उत्तरार्धात आणि त्याच्या परतीच्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो आणि तो मुख्यतः गवतांचा असतो. म्हणून आपल्याला बदल शोधायचा असेल, तर वसंताकडे पाहण्याआधी हस्त आणि चित्रा नक्षत्रांच्या पावसाकडे पाहावे लागेल.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर सप्टेंबरच्या अखेरीस एखाद्या उघडिपीच्या सकाळी टेकडीवर जावे. हराळीच्या किंवा मारवेलच्या तुऱ्याला केसाएवढ्या बारीक तंतूंवर लोंबणारे जांभळट परागकोश दिसतात. दव उडून गेल्यावर तो तुरा काळ्या कागदावर हलकेच झटकला, की पिवळसर पिठूळ थर पडतो. ग्लिसरीन जेलीत फुक्सिन मिसळून केलेल्या माध्यमात तोच थर सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की गुलाबी रंगलेले, जवळजवळ गोल, गुळगुळीत कण दिसतात आणि प्रत्येकाला कडा असलेले एकच छिद्र असते. गाजरगवताचा पराग याहून लहान आणि अंगभर काटे असलेला असतो, त्यामुळे थोड्या सरावाने दोन्ही सहज वेगळे ओळखता येतात.

पावसाच्या परतीचे वेळापत्रक सरकले आहे, हे भारतीय हवामान खात्याने २०२० मध्ये अधिकृतपणे स्वीकारले. मुंबईहून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर अशी बदलली गेली. २०१९ मध्ये तर देशातून पावसाच्या परतीला ९ ऑक्टोबरला सुरुवात झाली आणि तोवरच्या नोंदींत एवढा उशीर कधीच झालेला नव्हता. या सगळ्याचा गवतावर होणारा परिणाम सरळ नाही. पुष्कळ देशी गवतांचा फुलोरा पावसाइतकाच दिवसमानाशीही बांधलेला असतो, त्यामुळे पाऊस लांबला म्हणून सगळे गवत त्याच हिशेबाने उशिरा फुलते असे होत नाही. फुलोरा येतो, पण पाऊस पराग हवेतून धुऊन टाकतो. उघडीप मिळाली की उरलेले तुरे एकदम मोकळे होतात आणि ओल टिकल्यामुळे हराळीसारख्या गवतांना नवे तुरेही येत राहतात. एकसलग हंगामाऐवजी तुटक, पण अधिक काळ रेंगाळणारा हंगाम, असे माझे निरीक्षण आहे.

आता आठवणीविषयी. "गणपतीत मला त्रास सुरू व्हायचा, हल्ली नवरात्रात होतो," असे आपण म्हणतो, मात्र अधिक मासामुळे हे सण इंग्रजी तारखांच्या मानाने बरेच मागेपुढे होतात. २०२० मध्ये गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती आणि २०२३ मध्ये, अधिक श्रावणामुळे, १९ सप्टेंबरला. म्हणजे गवताने आपली वेळ जराही बदलली नाही, तरी सणांच्या आधाराने पाहणाऱ्याला चार आठवड्यांचा फरक पडल्यासारखा वाटेल. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्यावरून मोजली जातात, त्यामुळे मृग ७-८ जूनच्या सुमारास आणि हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास, असे ठरलेले असते. जुन्या शेतकऱ्याने "हस्तात तुरे मोकळे व्हायचे" असे सांगितले, तर ती नोंद आजच्या नोंदीशेजारी ठेवता येते. सणांची आठवण तशी ठेवता येत नाही. आपल्या सदस्यांनी जुने अनुभव लिहिताना ही दक्षता घ्यावी, अशी विनंती आहे.

दुसरा हंगाम जानेवारी ते मार्चचा आणि त्यातला मुख्य वृक्ष वावळ. पानगळ झालेल्या फांद्यांवर हिरवट तपकिरी, नजरेत न भरणाऱ्या फुलांचे झुबके येतात आणि वाऱ्यावर पराग सोडतात. त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच्या चपट्या पापड्या, म्हणजे फळे, वाळून उडू लागतात. त्या सर्वांना दिसतात, म्हणून दोष त्यांच्यावर येतो. सावरीच्या कापसाचेही तेच होते. परागाने व्हायचा तो त्रास मुळात त्याआधीच होऊन गेलेला असतो.

आपापल्या गावातल्या नोंदी सविस्तर लिहाव्यात.

---

संत्रानगरी (नागपूर)

धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे या विषयावर बोलणे निघाले की पहिले नाव सप्तपर्णीचे येते. रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि वसाहतींमधून ही झाडे मोठ्या प्रमाणात लावली गेली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री त्यांचा वास इतका दाटतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. माझ्या सासूबाईंना दम्याचा जुना त्रास आहे आणि या दिवसांत त्यांना तो हमखास वाढतो. आमच्या सोसायटीत ही झाडे काढून टाकण्याचा ठराव मांडला गेला आहे. सप्तपर्णी लहान असताना हा वास नव्हता आणि आता ती मोठी झाली म्हणून त्रास वाढला, असे सर्वांचे मत आहे. बदल झाला आहे हे मलाही दिसते, पण तो परागांचा आहे का, हे कसे ठरवावे?

---

रानहळद (पुणे)

आपला प्रश्न नेमका आहे. सप्तपर्णीचे परागीभवन कीटकांकडून होते. वास आणि मध ही कीटकांना बोलावण्याची सोय असते आणि अशा फुलांचा पराग सहसा चिकट, जड आणि मोजका असतो. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या वनस्पतीला वासाची गरज नसते, म्हणून ती आपल्या लक्षातच येत नाही. सप्तपर्णी फुलते त्याच सुमारास मोकळ्या भूखंडांवर गवत आणि गाजरगवत भर फुलोऱ्यात असते. उग्र वासाने संवेदनशील नाक चोंदू शकते आणि दमा असलेल्या व्यक्तीला त्रासही होऊ शकतो, त्यामुळे आपल्या सासूबाईंची तक्रार खरी मानूनच चालावे. तो त्रास वासाचा असेल, तर झाडापासून दूर गेल्यावर लगेच आराम पडेल. परागाचा असेल, तर झाडे तोडूनही तो तसाच राहील. ठराव मतास टाकण्यापूर्वी एकदा आजूबाजूच्या मोकळ्या जागांमध्ये काय फुलले आहे ते पाहून यावे, असे मला कळकळीने वाटते.

---

कोरडवाहू (बार्शी)

शहरातल्या मंडळींच्या चर्चेत शेत क्वचितच येते, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या भागात खरिपाला बाजरी आणि रब्बीला ज्वारी हीच मुख्य पिके होती. बाजरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलोऱ्यात यायची आणि ज्वारी डिसेंबरच्या सुमारास निसवायची. ज्वारीच्या भर फुलोऱ्यात पाटाने चालत गेले, की सदऱ्याच्या बाह्यांवर पिवळी भुकटी बसायची, हे माझ्या वयाच्या कुणालाही आठवेल. आता आमच्या शिवारात खरिपाचे मोठे क्षेत्र सोयाबीनकडे गेले आहे. सोयाबीनचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत त्याचे परागीभवन होते, त्यामुळे त्याचा पराग हवेत जवळजवळ येतच नाही. या हिशेबाने पाहिले, तर आमच्या हवेतला पिकांचा पराग वाढण्याऐवजी कमी झालेला असायला हवा.

तरीही ऑक्टोबरमध्ये शिंका आणि खोकला वाढला आहे, हे खरे आहे. याचे माझ्या समजुतीप्रमाणे पहिले कारण मळणी. सोयाबीन काढणीला आलेले असताना पावसाने गाठले, की शेंगा काळ्या पडतात, त्यांवर बुरशी चढते आणि मग मळणी यंत्रातून जी धूळ उडते, तिच्यात भुसकट, माती आणि बुरशीचे बीजाणू असे सगळेच असते. यंत्रावर काम करणारी माणसे तोंडाला उपरणे बांधूनही संध्याकाळी खोकत असतात. ज्वारीवर काणी (बुरशीचा रोग) पडायची तेव्हाही काळी भुकटी उडत असे, पण ती ठरावीक शेतात आणि थोडे दिवस. परतीचा पाऊस सोयाबीनच्या काढणीत सापडू लागल्यापासून हा प्रकार गावभर होतो.

दुसरे कारण गाजरगवत. पूर्वी उन्हाळ्यात बांध करपून जायचे आणि त्याबरोबर तेही. आता पाट, ठिबक आणि शेततळी यांमुळे कुठे ना कुठे ओल असतेच आणि तिथे ते बारा महिने फुललेले असते. आमचे वडील याला काँग्रेस गवत म्हणत आणि ते गव्हाबरोबर परदेशातून आले असे सांगत. बांधावर बसून हाताने उपटताना हातांना फोड येतात, म्हणून आता बायका पायमोजे हातात घालून ते उपटतात.

---

रानहळद (पुणे)

कोरडवाहू, आपण पिकांचा बदल मांडलात, हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो आणि तो कुठल्याही शहरी नोंदीत सापडला नसता. गाजरगवताबद्दल थोडी भर घालतो. भारतात त्याचा ठळक प्रसार प्रथम लक्षात आला तो पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले ही समजूत सर्वदूर आहे, मात्र त्याआधीचेही काही वनस्पती-नमुने देशात नोंदलेले आहेत, त्यामुळे गव्हाने त्याचा प्रसार वाढवला असे म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल. १९८० च्या दशकात त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा बेंगळुरूमध्ये मुद्दाम आणून सोडण्यात आला आणि आज तो महाराष्ट्रातही पावसाळ्यात दिसतो. पण पाऊस संपला की भुंगेरा जमिनीत जातो आणि गाजरगवत ओलीवर फुलत राहते. आपण म्हणता त्या बाराही महिन्यांच्या फुलोऱ्याला त्यामुळे फारसा अटकाव होत नाही.

---

श्वासनलिका (छत्रपती संभाजीनगर)

मी श्वसनविकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. "पूर्वी मला होत नव्हते" या वाक्याविषयी काही सांगणे आवश्यक वाटते. शरीर एखाद्या परागाला पहिल्याच भेटीत प्रतिसाद देत नाही. अनेक हंगाम तो पराग श्वासावाटे गेल्यानंतर काही व्यक्तींमध्ये त्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार होतात आणि त्यानंतर लक्षणे दिसू लागतात. त्यामुळे नव्या शहरात राहायला गेलेल्या माणसाला पहिली काही वर्षे आराम वाटतो आणि मग अचानक त्रास सुरू होतो. हवेत काहीही न बदलता हे घडू शकते. एकट्या व्यक्तीचा अनुभव म्हणूनच हंगाम बदलल्याचा पुरावा होत नाही. एकाच गावातल्या, जुना त्रास असलेल्या बऱ्याच लोकांच्या तारखा एकाच दिशेने सरकल्या, तर तो विचारात घ्यावा.

पावसाळ्यानंतरचा सगळा त्रास परागांच्या खात्यावर टाकणेही योग्य नाही. दमट हवेत गाद्या-उशांमधले धूळकिडे वाढतात, त्यांचा उपद्रव नेमका याच महिन्यांत जाणवतो आणि वर्षभर बंद असलेली ट्रंक दिवाळीसाठी उघडली की त्यात भर पडते. कोरडवाहू यांनी सांगितलेले बुरशीचे बीजाणूही तितकेच महत्त्वाचे. नेमके काय ते त्वचेवरील चाचणीने कळू शकते. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून त्यातून हलके टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. चाचणीआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, त्या मात्र डॉक्टरांना विचारूनच बंद कराव्यात.

आणखी एक बाब मला गंभीर वाटते. पावसाने हवा धुतली जाते हे सर्वसाधारणपणे खरे असले, तरी वादळी पावसाच्या आरंभी उलट घडू शकते. गवताचा अखंड पराग साधारण ३० मायक्रॉनच्या आसपास असतो आणि तो नाकातच अडतो. दमटपणाने तो फुटला, तर त्यातले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसांत उतरतात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी अशाच वादळानंतर हजारो लोकांनी रुग्णालयांकडे धाव घेतली आणि १० मृत्यू झाले. त्या रुग्णांपैकी अनेकांना त्याआधी दमा नव्हता, केवळ शिंकांचा त्रास होता. आपल्याकडे गवताचा भर आणि परतीच्या पावसाचे गडगडाट एकाच वेळी येतात. ज्यांना छातीत घरघर होते, त्यांनी त्या दिवसांत ढग भरून येताच घरात जावे, खिडक्या लावाव्यात आणि श्वासाचे औषध जवळ ठेवावे.

---

पूर्वेकडून (तोक्यो)

डॉक्टरांनी लिहिलेला अनुभव माझ्या बाबतीत तंतोतंत घडला. पुण्याहून इथे आल्यावर पहिले काही वसंत विनासायास गेले आणि मग एका फेब्रुवारीत डोळे सुजून आले. इथल्या बदलाचा इतिहास आपल्या चर्चेला उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

जपानमध्ये वसंतातला त्रास मुख्यतः सुगी या सूचिपर्णी वृक्षाचा. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर उघडे पडलेले डोंगर झाकण्यासाठी आणि घरबांधणीला लाकूड मिळावे म्हणून सरकारने १९५० आणि ६० च्या दशकांत सुगीची प्रचंड लागवड केली. पुढे स्वस्त आयात लाकूड आले, तोड थांबली आणि ती सगळी झाडे एकाच वेळी भरपूर पराग देण्याच्या वयात आली. सुगीच्या परागामुळे होणाऱ्या विकाराचा पहिला वैद्यकीय अहवाल १९६४ मधला आहे. आज हा त्रास इतका व्यापक आहे की २०२३ मध्ये सरकारने दहा वर्षांत सुगीची वने सुमारे २० टक्क्यांनी कमी करण्याचे आणि कमी पराग देणारी रोपे लावण्याचे धोरण जाहीर केले. उष्णतेचा हात यात आहेच, कारण आदला उन्हाळा कडक असला की नरफुले अधिक धरतात आणि पुढच्या वसंतात पराग वाढतो. पण मूळ कारण लागवडीचे आहे.

मला विशेष वाटते ते नोंदींचे. उघड्यावर ठेवलेल्या चिकट काचपट्टीवर एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती कण पडले, एवढी साधी मोजणी इथे वर्षानुवर्षे सलग होत आली आहे आणि त्यामुळेच एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येते. आपल्या टेकड्यांवर आणि रस्त्यांकडेला आपण सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी अशी झाडे एकेका लाटेत लावली. त्या त्या लाटेनंतर हवेत काय बदलले, याची अशी नोंद पुण्यात ठेवता आली असती, असे सारखे मनात येते.

---

सुरूबन (रत्नागिरी)

आमच्याकडे किनाऱ्याला सुरूची लागवड आहे आणि परसात माड. आंब्याचा मोहोर आला की नाक वाहते, असे घरोघरी म्हणतात. नोंद ठेवायची तर आम्ही नेमके काय पाहावे?

---

रानहळद (पुणे)

सुरूबन, आंब्याच्या मोहोरावर माश्या आणि इतर कीटक काम करतात, त्याचा पराग वाऱ्यावर फार दूर जात नाही, मात्र मोहोराच्या वासाने आणि झाडाखाली वावरताना त्रास होऊ शकतो. आपण पाहावे ते सुरूकडे. त्याचा पराग पूर्णपणे वाऱ्यावर जातो आणि फांद्यांच्या टोकांना तांबूस नरतुरे आले की हंगाम सुरू झाला असे समजावे. माड वर्षभर फुलतो, त्यामुळे त्याच्यावरून हंगामाची सुरुवात ठरवता येणार नाही.

तोक्योहून लिहिणाऱ्या ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगायचे, तर आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असे नव्हे. औरंगाबादच्या विद्यापीठात डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतील पराग आणि बीजाणूंचा अभ्यास उभा केला आणि १९७० मध्ये तयार झालेले, हवा ओढून चिकट पट्टीवर कण टिपणारे उपकरण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९९४ ते १९९९ या काळात देशभरात असा समन्वित प्रकल्प राबवला. चंडीगडसाठी तिथल्या संशोधकांनी परागांची दिनदर्शिकाही तयार केली आहे. असे प्रकल्प मुदतीने संपतात आणि बदल कळायला तर दशके लागतात, ही खरी अडचण आहे. म्हणून सर्वसामान्य माणसाची सलग वही मला महत्त्वाची वाटते.

वही अशी ठेवावी. इंग्रजी तारीख आणि पावसाचे नक्षत्र दोन्ही लिहावे. त्रासाआधी वनस्पतीची नोंद करावी: कोणते गवत किंवा झाड, तुरा पोटरीत (पानाच्या वेष्टनातच) आहे, मोकळा झाला आहे की वाळला आहे. दरवर्षी जागा तीच असावी, म्हणजे तोच बांध, तीच टेकडीची वाट, तोच वावळ. मागच्या दोन दिवसांत पाऊस झाला का, तेही त्याच ओळीत असावे, कारण त्यावाचून परागांच्या नोंदीचा अर्थ लागत नाही. त्रासाचा रकाना वेगळा ठेवावा, त्यात गोळी घेतली असल्यास तसे लिहावे आणि गादी उन्हात टाकली, ट्रंक उघडली, शेजारी मळणी चालू होती, असे काही असेल तर तेही नमूद करावे.

ज्यांना काचपट्टी लावायची आहे, त्यांनी तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्यावा आणि ती पाऊस लागणार नाही पण वारा चारही बाजूंनी लागेल अशा जागी, गच्चीवर किंवा पहिल्या मजल्याच्या उंचीवर, २४ तास आडवी ठेवावी. स्वयंपाकघराच्या धुराड्याजवळ ठेवू नये, काजळीने कण दिसेनासे होतात. कुंपणालगत एरंड किंवा गाजरगवत असेल, तर ते वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावे. जवळच्या दोन-चार झाडांचाच पराग पट्टीवर इतका पडतो की तेच गावभराच्या हवेचे प्रमाण आहे असा समज होतो.